फर्मान आणि 'आम्ही': पाथरीतून वाचलेली एकीकरणाची एक संहिता

२३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी एक फर्मान काढले. भारताच्या घटना समितीकडून लवकरच स्वीकृत होणारी राज्यघटना हीच इतर भागांप्रमाणे हैदराबाद राज्याचीही राज्यघटना राहील आणि तिच्याशी विसंगत असलेल्या राज्यातील सर्व घटनात्मक तरतुदी रद्द ठरतील, असा त्याचा आशय होता. तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, दिल्लीत 'आम्ही भारताचे लोक' या कर्तृपदाने सुरू होणारी संहिता स्वीकारली गेली. त्या सभागृहात हैदराबादच्या वाट्याच्या जागा रिकाम्या होत्या. मराठवाड्याचा, म्हणून पाथरी तालुक्याचाही, एकही निवडून गेलेला प्रतिनिधी तेथे बसलेला नव्हता. पाथरीतील मनुष्य त्या 'आम्ही'मध्ये कोणत्या वाटेने शिरला, या प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर एकच आहे : राजाच्या फर्मानाने.

हे उत्तर आपल्याला अडचणीचे वाटते. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात ते सहसा पुढे येत नाही, आणि आले तरी तपशिलाच्या कोपऱ्यात उभे राहते. प्रस्तुत लेखाचा रोख त्या अडचणीकडेच आहे. राष्ट्राच्या एकीकरणाची कथा सांगताना आपण कोणत्या संहिता वाचतो व कोणत्या गाळतो, हा इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहेच. पण तो कथनाच्या रचनेचा, कर्त्याच्या स्थानाचा आणि वाङ्मयप्रकाराचाही प्रश्न आहे. म्हणून समीक्षेच्या पृष्ठांवर त्याचा विचार करण्यास संकोच वाटू नये.

फर्मान हा एक वाङ्मयप्रकार आहे, असे म्हटल्यास इतिहासकार कदाचित हसतील. परंतु त्याला ठरलेला आरंभ, ठरलेला स्वर आणि ठरलेला वक्ता आहे. ते काही वर्णन करीत नाही, पटवून देत नाही. उच्चारले की घडते. ऑस्टिन याने ज्या वाक्यांना कृतिरूप मानले, त्यांचे याहून निर्भेळ उदाहरण सापडणे कठीण. मात्र ऑस्टिनची लग्नातील 'होय' किंवा जहाजाला नाव देण्याची उदाहरणे आधीच मान्य झालेल्या एखाद्या संकेतव्यवस्थेवर उभी असतात. फर्मानाचा दावा असा की ती व्यवस्थाही मीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली अमीरुन्निसा बेगम विरुद्ध महबूब बेगम या खटल्यात याच गोष्टीची नोंद केली. निजाम हा सर्वंकष सत्ताधीश होता; कायदा करणे, न्याय देणे आणि अंमल चालवणे या तिन्ही सत्ता त्याच्या ठायी एकवटलेल्या होत्या आणि म्हणून त्याचे फर्मान हे त्याच्या सार्वभौम इच्छेचे प्रकटीकरण असून त्याला कायद्याचे बळ होते, असे न्यायालयाने म्हटले. पुढे काही वर्षांनी ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारातील कलमबंदीविषयी हाच प्रश्न उभा राहिला : हा नियम की नुसता हुकूम? अनियंत्रित राजाच्या बाबतीत हा भेदच करता येत नाही, असे तेव्हाही उत्तर मिळाले. न्यायमूर्तींना येथे प्रकारनिश्चिती करावी लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कायदा आणि आज्ञापत्र यांचे व्याकरण एकच आहे का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न समीक्षकाच्या प्रश्नाहून फारसा वेगळा नव्हता.

मराठीला हा शब्द परका नाही. माधव त्रिंबक पटवर्धनांचा 'फारशी-मराठी कोश' १९२५ साली निघाला, तोवर फर्मान, अर्ज, हुकूम, दरखास्त, मुचलका हे शब्द मराठी माणसाच्या इतके अंगवळणी पडले होते की त्यांची मूळ कुळी कोशातूनच शोधावी लागे. पण त्यांचा मराठीतील संसार पाहण्यासारखा आहे. 'फर्मान सोडणे' हा आपला वाक्प्रचार उपहासाचा आहे. ज्याला अधिकार नाही आणि तरी जो अधिकाराचा आव आणतो, त्याच्याविषयीच आपण तसे बोलतो. अर्ज मात्र आपण गंभीरपणे 'करतो'. एकाच दरबारातून आलेल्या दोन शब्दांपैकी राजाचा शब्द विनोदात गेला आणि रयतेचा शब्द व्यवहारात टिकला. भाषेने एक लहानसा सूड उगवला आहे, असे कोणाला वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

पाथरीचे नाव येथे केवळ उदाहरणादाखल घेतलेले नाही. मोगली अमलात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे मुख्य ठिकाण होते. 'आईन-इ-अकबरी'त ते नोंदले आहे. त्याही आधी, अहमदनगरच्या निजामशाहीच्या (हैदराबादच्या आसफजाही निजामांशी तिचा संबंध नाही, नावाच्या सारखेपणाने घोटाळा होतो म्हणून सांगितले) उत्पत्तिकथेत पाथरी येते. फिरिश्ता सांगतो की या घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण होते. बुऱ्हाण निजामशहाने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरीची मागणी केली, नकार मिळाला आणि सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणात त्यासाठी लढाया झाल्या. फिरिश्त्याची ही कथा कितपत खरी, हा वाद बाजूला ठेवू. तिच्यातील तर्क आपल्या कामाचा आहे. गाव राजाचे आहे, कारण राजा गावचा आहे. प्रदेशावरील हक्काला वंशाची भाषा मिळते. गावातील माणसे या वाक्यात कर्ताही नसतात आणि कर्मही नसतात. दवंडीचे जे जुने सूत्र उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत फिरत होते, त्यातही सृष्टी ईश्वराची, मुलूख बादशहाचा आणि अंमल अमक्या सरदाराचा, अशी तीन षष्ठ्यंत पदे असतात. ज्याला उद्देशून ढोल वाजवला जातो, त्याला एकही विभक्ती मिळत नाही.

आसफजाही हैदराबादमध्ये १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. शिक्षणातही तिचे स्थान पक्के झाले; उस्मानिया विद्यापीठाची स्थापनाच १९१७ च्या फर्मानाने झाली आणि उर्दू ही तेथील अध्यापनाची भाषा ठरली. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक मोठा आणि खरोखर अभिमानास्पद प्रयोग होता, हे मान्य करूनही मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला ही 'देशी' भाषा शिकून घ्यावी लागत होती, हे विसरता येत नाही. पाथरी तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने फर्मान ही वाचण्याची नव्हे, तर ऐकण्याची आणि दुसऱ्याकडून समजून घेण्याची गोष्ट होती. त्याच्यापर्यंत येता येता तिची भाषा बदले, कालगणना बदले (कचेरीचे वर्ष फसली होते), आणि उरे ती फक्त आज्ञा.

या राज्यात कायदेमंडळ नव्हते असे नाही. १८९३ पासून एक विधिपरिषद होती, १९१९ च्या फर्मानाने कार्यकारी मंडळही आले. परंतु १९२९ चे 'गश्ती निशाण ५३' हे परिपत्रक राजकीय स्वरूपाच्या सभेला पूर्वपरवानगी सक्तीची करीत होते. सभा भरवायची तर आधी अर्ज, आणि सभेत काय बोलले जाणार ते आधी कळवायचे. ज्या संस्थेत बोलता येते ती नियुक्तांची, आणि जेथे लोक जमतात तेथे बोलता येत नाही, अशी ही विभागणी होती. १९३७ साली अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली आणि जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर झाल्या. योजना ८५ सभासदांच्या विधिमंडळाची होती. त्यातले ४२ निवडून यायचे, तेही प्रदेशवार नव्हे तर धंदे व हितसंबंध यांच्या वर्गवारीने. निवडून न आलेल्यांचे बहुमत एका मताने राखले होते. हा काटेकोरपणा कौतुकास्पद आहे.

या योजनेच्या प्रस्तावनेतील तत्त्व मात्र आकड्यांहून अधिक बोलके आहे. राज्याचा प्रमुख हा स्वतःच लोकांचे प्रत्यक्ष प्रतिनिधित्व करतो आणि म्हणून त्याचे लोकांशी असलेले नाते येणाऱ्या-जाणाऱ्या निवडून आलेल्या प्रतिनिधींपेक्षा अधिक स्वाभाविक व चिरस्थायी आहे, असा त्यात सिद्धान्त मांडलेला होता. साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. 'प्रतिनिधित्व' या शब्दाचे दोन अर्थ आपण एरवी वेगळे ठेवतो : एखाद्याच्या वतीने बोलणे आणि एखाद्याचे चित्र उभे करणे. पहिल्यात संमती लागते, दुसऱ्यात साम्य पुरते. १९३९ चे हे विधान पहिल्याच्या जागी दुसरे बसवते. राजा प्रजेचे प्रतीक आहे, म्हणून तो प्रजेचा प्रतिनिधी आहे. प्रतीकाला कोणी निवडून देत नाही, परत बोलावीतही नाही. आपल्याकडील साहित्यसमीक्षेतही एखादा लेखक 'मातीतून आला' म्हणून मातीच्या वतीने बोलतो असे जेव्हा आपण सहज लिहून जातो, तेव्हा याच युक्तिवादाची सावली आपल्या वाक्यावर पडलेली असते.

याला प्रत्युत्तर कसे दिले गेले? १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, पाथरीच्या शेजारचे. मराठी, तेलुगू व कन्नड प्रदेशांच्या तीन भाषिक परिषदा हीच तोवर राजकीय बोलण्याची शक्य असलेली चौकट होती. संस्कृतीच्या नावाखाली नागरिकत्वाची मागणी पुढे सरकत होती. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. अस्तित्वात न आलेल्या संस्थेला बंदी, ही फर्मानी तर्कशास्त्राची परमावधी होय. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक संस्थानाबाहेर, पुण्याहून काढले. संस्थानात त्यावर बंदी येई आणि ते नाव बदलून पुन्हा येई. आज्ञा नावाला लागू होते, मजकुराला नाही, ही तिची मर्यादा वाघमारे यांनी नेमकी ओळखली होती.

येथे थोडे दूर जाणे आवश्यक आहे, कारण एकीकरणाचा मराठी मनातील नमुना इटलीवरून घडलेला आहे. मॅझिनीच्या आत्मचरित्राचे सावरकरांनी केलेले भाषांतर १९०७ साली पुण्यात छापले गेले आणि सरकारने ते जप्त केले. त्या जप्तीने पुस्तकाचे वजन वाढवले. तेव्हापासून मराठी वाचकाची इटली म्हणजे मॅझिनीची शपथ आणि गॅरिबाल्डीचे लाल सदरे. ट्यूरिनची संसद, राजाच्या सहीचे जाहीरनामे, मंत्र्यांचे मसुदे, एका मताच्या बेरजा या गोष्टी त्या इटलीत नाहीत. काव्हूर आलाच तर धूर्त साहाय्यक पात्र म्हणून येतो.

वस्तुतः इटलीचे एकीकरण हे हुकूम आणि संसद यांच्या ओढाताणीची दीर्घ कथा आहे. सार्डिनियाच्या राज्याची राज्यघटना ४ मार्च १८४८ रोजी राजा चार्ल्स आल्बर्टने 'दिली'. लोकांनी केली नाही. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाशी झालेल्या तहाला प्रतिनिधिगृह मान्यता देईना, तेव्हा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याने ते विसर्जित केले आणि २० नोव्हेंबर १८४९ रोजी मोंकालिएरीच्या वाड्यातून मतदारांना उद्देशून जाहीरनामा काढला. तो लिहिला मुख्य प्रधान मास्सिमो द' आझेल्यो याने. द' आझेल्यो कादंबरीकार होता, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये. मतदारांनी सहकार्य नाकारल्यास पुढील परिणामांची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही, असा त्यातील धमकीवजा सूर होता. डिसेंबरातील निवडणुकीत नेमस्तांचे बहुमत आले, जानेवारीत तह संमत झाला. संसद वाचली, पण राजाच्या इशाऱ्याच्या छायेत वाचली. १८६० मध्ये प्रांतोप्रांती सार्वमते झाली. १७ मार्च १८६१ च्या एककलमी कायद्याने व्हिक्टर इमॅन्युएलने स्वतःसाठी व वारसांसाठी इटलीचा राजा ही पदवी धारण केली. आणि तरी तो 'दुसरा'च राहिला. नव्या राष्ट्राचा पहिला राजा झाला नाही. नव्या राष्ट्राची पहिली संसदही क्रमांकाने आठवी होती, कारण गणना जुन्या सार्डिनियाच्या संसदेपासून चालू राहिली. क्रमांक हे फार लहान चिन्ह आहे, पण राष्ट्र जन्मले की राज्य वाढले, या प्रश्नाचे उत्तर त्याने देऊन टाकले आहे.

मोंकालिएरीचा जाहीरनामा आणि हैदराबादचे फर्मान यांत शंभर वर्षे आणि तीन दिवसांचे अंतर आहे. तारखांच्या योगायोगावर इमारत उभारू नये. परंतु दोन्ही संहितांत सत्ताधीश 'मी' लोकांच्या संमतीकडे तोंड करून उभा आहे, आणि दोन्हींत ती संमती काय असावी हे आधी ठरलेले आहे. फरक असा की तेथे राजाच्या मागे सैन्य राजाचे होते. येथे ते नव्हते.

जून १९४७ मधले निजामाचे फर्मान याच्या नेमके उलट टोकावर होते. हिंदुस्थान वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही घटना समितीत प्रतिनिधी पाठवायचे नाहीत आणि ब्रिटिशांची अधिसत्ता संपताच आपल्याला स्वतंत्र सार्वभौमाचा दर्जा पुन्हा प्राप्त होईल, असे त्यात जाहीर केले होते. ऑस्टिनच्या परिभाषेत हे 'फसलेले' उच्चारण होय. सूत्र बिनचूक, वक्ता अधिकृत, पण ज्या जगाने ते मानायचे त्याने मानले नाही. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने 'भारतात सामील व्हा' दिन पाळला. २९ नोव्हेंबरला जैसे थे करार झाला. त्यानंतरच्या महिन्यांत रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केले ते मराठवाड्याच्या स्मृतीत अजून ओले आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य शिरले आणि १७ तारखेला लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्या संध्याकाळी कन्हैयालाल मुन्शी यांच्या सल्ल्यावरून निजाम नभोवाणीवर बोलले. मुन्शी हे भारत सरकारचे हैदराबादमधील प्रतिनिधी आणि गुजरातीतील नामांकित कादंबरीकार. मोंकालिएरीप्रमाणे येथेही राजाच्या निर्णायक शब्दापाशी एक कादंबरीकार उभा आहे! आजवर दुसऱ्यांच्या तोंडून पोचणारा शब्द त्या दिवशी राजाच्या स्वतःच्या आवाजात ऐकू आला, आणि तो ऐकू आला त्या क्षणीच त्यातली आज्ञा संपली होती.

संपली, पण रूप उरले. निजामाने सामीलनाम्यावर कधीच सही केली नाही. इतर संस्थानांना भारतात आणणारी जी मुख्य संहिता, ती हैदराबादच्या बाबतीत अस्तित्वातच नाही. लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांचा कारभार निजामाच्या नावाने चालला. निजामाच्या खासगी मुलखाचे, सर्फ-ए-खासचे, विलीनीकरण १९४९ च्या फर्मानाने झाले. जहागिरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द झाल्या. राजाच्याच लेखणीने राजसत्तेची एकेक भिंत उतरवली गेली. ज्याला अनियंत्रित अधिकार आहे तोच विनाअट अधिकार सोडू शकतो. म्हणून त्याचा अनियंत्रितपणा शेवटपर्यंत शाबूत ठेवणे नव्या राज्याच्या सोयीचे होते. १९५५ चा न्यायनिर्णयही याच सोयीचा कायदेशीर पाठपुरावा करतो, असे म्हणता येईल.

आता २३ नोव्हेंबरच्या फर्मानाकडे परत येऊ. त्यात एक अट होती. राज्यघटनेचा हा स्वीकार राज्यातील जनतेच्या मान्यतेच्या अधीन राहील. लवकरच बनवल्या जाणाऱ्या राज्याच्या घटना समितीतून व्यक्त होणारी लोकेच्छाच भारतीय संघराज्याशी असलेल्या संबंधाचे स्वरूप अखेरीस ठरवील, असा तिचा भावार्थ. ही समिती कधीच बनली नाही. जम्मू-काश्मीरची घटना समिती १९५१ साली निवडली गेली. हैदराबादमध्ये थेट विधानसभेच्या निवडणुका झाल्या. म्हणजे या संहितेत दोन भविष्यकाळ आहेत : 'लवकरच स्वीकृत होणारी' दिल्लीची घटना आणि 'लवकरच बनणारी' हैदराबादची समिती. पहिला भविष्यकाळ तीन दिवसांत वर्तमान झाला. दुसरा व्याकरणातच राहिला.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेविषयी लिहिताना देरिदाने दाखवले आहे की 'आम्ही लोक' ही सही करणारे लोक सहीपूर्वी अस्तित्वात नसतात; सहीच त्यांना घडवते. हा विरोधाभास सर्वच स्थापनासंहितांत असतो, असे म्हणून पाथरीचा प्रश्न मिटवता येईल. तो मिटवू नये असे मला वाटते. फिलाडेल्फियात निदान सही करणारे हात तेथे होते. पाथरीच्या वतीने ज्याने सही केली, त्यानेच दहा वर्षांपूर्वी, मी लोकांचा प्रत्यक्ष प्रतिनिधी आहे, असे तत्त्व मांडले होते. ते तत्त्व सत्याग्रहींनी तुरुंगात जाऊन नाकारले आणि १९४९ साली त्यांच्याच मुक्तीची कागदपत्रे त्या तत्त्वावर पूर्ण झाली. यात कोणाची लबाडी होती असे नाही. दुसरी वाट कदाचित अधिक लांब आणि अधिक रक्ताची ठरली असती. पण वाट कोणती होती हे सांगायला हवे.

मराठवाड्याची कथा ते का सांगत नाही? एक कारण शब्दांत आहे. 'पोलीस कारवाई' हा शब्द दिल्लीचा, 'विलीनीकरण' सरकारी दप्तराचा, 'एकीकरण' पाठ्यपुस्तकाचा, 'मुक्ती' लोकांचा. मुक्ती या शब्दाला पूर्वार्धात बंधन लागते आणि उत्तरार्धात एक क्षण लागतो. त्याला तारीख लागते, फर्मान लागत नाही. १७ सप्टेंबर ती गरज भागवतो. अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या ग्रंथाने त्या लढ्याला जे भरीव कथन दिले, ते नसते तर सर्वसामान्य कार्यकर्त्यांचा त्याग कोणत्याही फर्मानाखाली गाडला गेला असता. त्याचे मोल वादातीत आहे. अडचण ग्रंथाची नाही, त्यानंतर रूढ झालेल्या उत्सवी आकृतिबंधाची आहे. त्यात खलनायक राजा १७ सप्टेंबरला रंगमंचावरून जातो. तो पुढे २६ जानेवारी १९५० ला राजप्रमुख होऊन परत येतो आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यच विभागले जाईपर्यंत तेथे राहतो, ही गोष्ट आकृतिबंधात मावत नाही.

आणखी एक गोष्ट मावत नाही, आणि ती अधिक जड आहे. कारवाईनंतरच्या दिवसांत मुसलमानांवर झालेल्या सूडाच्या अत्याचारांची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ गेले. त्याच्या अहवालाने, अगदी सावध अंदाजाने, सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचे म्हटले. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड हे मराठवाड्याचे दोन जिल्हे होते, त्यांच्या पाठोपाठ औरंगाबाद आणि बीड. परभणीचे नाव या आठ जिल्ह्यांच्या यादीत नाही, पण परभणीच्या सीमा याच जिल्ह्यांना लागून आहेत. अहवाल दशकानुदशके अप्रकाशित राहिला. फर्मानाचे अस्तित्व प्रसिद्धीत असते. या अहवालाचे अस्तित्व मात्र न छापण्यातच गेले. रझाकारांचे अत्याचार सांगताना हे सांगायचे नाही आणि हे सांगताना ते सांगायचे नाही, अशी जी वाटणी आपल्याकडे झाली आहे, तिने दोन अर्धी कथने जन्माला घातली आणि दोन्हींना पूर्णत्वाचा डौल दिला.

१९५२ च्या निवडणुकीत पाथरीने आपल्या नावाने मत दिले. परभणी लोकसभा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले. मुक्तिलढ्याचे श्रेय ज्या पक्षाकडे होते त्याचा उमेदवार तेथे पडला, याचा अर्थ लावणे राज्यशास्त्रज्ञांवर सोपवू. आपल्यापुरते एवढेच की पहिल्यांदा विचारले गेले तेव्हा लोकांनी अपेक्षित वाक्य म्हटले नाही. हैदराबादला बूर्गुल रामकृष्ण राव यांचे मंत्रिमंडळ आले. कायदे आता सभागृहात चर्चिले जात आणि संमत झाल्यावर राजप्रमुखांच्या नावे अमलात येत. तेच नाव.

त्यांतला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा निवडणुकीच्याही आधीचा, वेलोडी यांच्या नियुक्त मंत्रिमंडळाच्या काळातला. त्याने 'संरक्षित कूळ' ही संज्ञा मराठवाड्याच्या दप्तरात रुजवली. राज्य गेले, राजप्रमुख गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी पाथरी तालुक्यातील जमिनींचे वाद याच हैदराबादी नावाच्या कायद्याखाली लढले जात राहिले. ज्या रकान्यात पूर्वी फक्त मालकाचे नाव असे, त्याच्या शेजारी आता कसणाऱ्याचे नाव लिहायचे होते; आणि ते लिहून घेण्यासाठी त्याला तहसिलीत जाऊन आधी अर्ज करावा लागे.